फ्रँचायझीचा करार, सॉसचं पाकीट आणि स्पर्धा कायदा

मांजलपूरकर

मंडळी, धागा लांबणार आहे. अर्धवट लिहिलं तर तुम्हीच दहा प्रश्न विचारणार, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

बडोद्यात मांजलपूरला माझं ग्रिल सँडविच-पिझ्झाचं दुकान आहे. दुकान माझं, पाटी कंपनीची. अडीच वर्षांपूर्वी साडेसहा लाख फ्रँचायझी फी भरली. ओव्हन, डीप फ्रीझर, फर्निचर धरून सतरा लाखांच्या घरात गेलो. वर विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी आणि २ टक्के जाहिरातीचे. कंपनी गुजरातबाहेरची आहे, नाव लिहिणार नाही. सगळी मिळून साठ-पासष्ट दुकानं असतील.

करारात लिहिलंय की सगळा माल कंपनीकडूनच घ्यायचा. ब्रेड, चीज, सॉस, मेयो, बॉक्स, टिश्यू. ओटा पुसायचं फडकंसुद्धा यादीत आहे, थट्टा नाही. मी म्हटलं ठीक, चव सगळीकडे सारखी राहायला हवी.

गेल्या महिन्यात पोऱ्याने पेरी-पेरी सॉसचं किलोचं पाकीट फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवलं. पाकिटाला पाणी सुटलं आणि कंपनीच्या स्टिकरचा कोपरा उचकटला. मी सहज नखाने सोलत गेलो. खाली दुसरंच लेबल, मूळ उत्पादकाचं, त्याच्या लायसन्स नंबरासकट. संध्याकाळी हाथीखान्यात गेलो. एका घाऊक दुकानात तेच पाकीट, तोच रंग, तोच नंबर, १२० रुपये. आम्हाला कंपनी २१० लावते.

त्या रात्री घरी बसून करार पहिल्यांदा नीट वाचला. (हो, पहिल्यांदा. शिव्या घाला.) त्यातल्या टोचणाऱ्या गोष्टी:

मेनूचे भाव कंपनी ठरवणार, मला एक रुपया इकडे-तिकडे करता येत नाही. परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या पोरांना दहा रुपये कमी घेतले होते. कोणीतरी गिऱ्हाईक बनून आला, बिलाचा फोटो काढून गेला आणि माझ्या खात्यातून ५,००० कापले गेले. शेरा: ‘ब्रँड शिस्तभंग’. उलट नवरात्रात ‘एकावर एक’ ऑफर सक्तीची, तोटा सगळा आमच्या अंगावर. बडोद्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, गरबा सुटल्यावर रात्री साडेबाराला जी गर्दी येते तिला ऑफर लागत नाही, उघडं दुकान लागतं.

मला ‘एरिया’ दिला होता असं मी समजत होतो. करारात तसं काही नाही. दीड किलोमीटरवर त्यांनी दुसरं दुकान दिलंय.

आणि सोडून जायचं म्हटलं तर तीन वर्षं, दहा किलोमीटरच्या आत, ‘मी किंवा माझे कुटुंबीय’ खाण्याचा कोणताही धंदा करणार नाही. माझ्या सासऱ्यांची रावपुऱ्यात सेव-उसळीची गाडी आहे, पस्तीस वर्षांची. ती पण बंद करू की काय?

प्रश्न एवढाच: स्पर्धा आयोगाकडे जाता येतं का? एका मित्राचं म्हणणं आहे की ही सरळ मोनोपॉलीची केस आहे.

चिंटू_फतेगंज

सतरा लाख घालताना करार वाचला नाही आणि आता सॉसचं लेबल वाचताय. धन्य.

मांजलपूरकर

@चिंटू, शिव्या घाला म्हणालो होतोच. खाते उघडल्याबद्दल आभार.

दांडियाबाजारचे_आबा

मोनोपॉलीचा कायदा म्हणजे एमआरटीपी, १९६९ चा. आम्ही नोकरीत असताना त्याचा फार दरारा होता. कंपनीविरुद्ध दिल्लीच्या आयोगाला एक पत्र टाका, धावत येतील.

अर्ध्या_कोर्टात

आबा, नमस्कार. तो कायदा गेला. त्याच्या जागी स्पर्धा कायदा, २००२ आला, आणि त्यातली करारांची व वर्चस्वाची कलमं २० मे २००९ पासून लागू झाली. नुसतं मोठं असणं हा आता गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा आहे.

मांजलपूरकर, मी अहमदाबादला वकिली करते, माहेर बडोद्याचं (बाबाजीपुरा). हा सल्ला नाही, गप्पा समजा. करार न पाहता सल्ला देणारा वकील आणि पेशंट न पाहता गोळी देणारा डॉक्टर, दोघांपासून लांब राहावं.

तुमच्या मित्राचा शब्द आधी बाजूला ठेवू. मोनोपॉली म्हणायला ‘कशाच्या बाजारात’ ते सांगावं लागतं. कलम ४, म्हणजे वर्चस्वाच्या गैरवापराचं, लावायचं तर कंपनी संबंधित बाजारात वर्चस्व असलेली हवी. बडोद्यात सँडविच-पिझ्झा विकणारे किती? तुमच्या रांगेतच चार असतील. साठ दुकानांची कंपनी या बाजारात हत्ती नाही, फार तर शेळी आहे. तिने तुम्हाला ढुशी मारली हे खरं, पण कायदा विचारणार की बाजाराला ढुशी बसली का.

उरतं कलम ३(४). उत्पादक-वितरक, कंपनी-फ्रँचायझी अशा वरच्या-खालच्या पायरीवरच्या करारांसाठी ते आहे. त्यात पाच प्रकार नावानिशी दिलेत: एका वस्तूसोबत दुसरी घ्यायलाच लावणं, फक्त आमच्याशीच व्यवहार करा म्हणणं, विक्रीचा इलाका वाटून देणं, अमक्याशी व्यवहार करू नका म्हणणं, आणि पुनर्विक्रीचा भाव बांधून देणं. तुमची तक्रार वाचताना मी बोटं मोजत होते, तीन तरी सापडले.

पण लगेच पेढे वाटू नका. हे पाच प्रकार दिसले की करार आपोआप रद्द, असं नाही. त्याने भारतातल्या स्पर्धेवर ‘लक्षणीय प्रतिकूल परिणाम’ होतो किंवा होण्याची शक्यता आहे, हे दाखवावं लागतं. नव्या लोकांना बाजारात शिरणं अवघड झालं का, असलेले बाहेर फेकले गेले का, आणि दुसऱ्या पारड्यात ग्राहकाचा फायदा किती, वितरण सुधारलं का, असं सगळं तोललं जातं. तुमच्या पाकिटावरचे नव्वद रुपये तुमच्यासाठी लक्षणीय आहेत. भारतातल्या सॉसच्या बाजारासाठी?

फरसाणवाला

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, माझंही ऐकून घ्या.

आमचं फरसाणाचं दुकान आजोबांपासूनचं. सहा वर्षांपूर्वी मी तीन जणांना आमच्या नावाने दुकानं दिली. दोन बडोद्यात, एक आणंदला. आणंदवाल्याने वर्षभरात तेल बदललं. मग बेसन बदललं. लिलो चिवडा हिरवा राहावा म्हणून त्यात काय घालत होता देव जाणे, ओला टिश्यू लावला तर टिश्यू हिरवा व्हायचा. लोक मला फोन करून सांगायचे की ‘तमारो माल बगडी गयो’. तमारो! चूक त्याची, नाव आजोबांचं.

तेव्हापासून करारात लिहितो: तेल, बेसन, मसाला माझ्याकडूनच. आता मी पण गुन्हेगार का?

अर्ध्या_कोर्टात

नाही. तुमच्यासारख्यांसाठी कलम ३(५) आहे. ट्रेडमार्कसारखा नोंदलेला बौद्धिक हक्क जपायला ‘वाजवी’ अटी घालता येतात. (नाव नोंदवलंय ना? नसेल तर आधी ते करा.)

युरोपात यावर १९८६ मध्येच निकाल लागला, प्रोनुप्टिया म्हणतात त्याला. लग्नाचे पोशाख विकणारी फ्रेंच कंपनी आणि हँबर्गकडची तिची फ्रँचायझी यांचं भांडण. रॉयल्टी थकली, तर त्या बाई म्हणाल्या की करारच स्पर्धेविरुद्ध आहे. कोर्टाने अटी दोन ढिगांत टाकल्या. आपली विद्या स्पर्धकाच्या हाती पडू नये आणि नावाची इभ्रत सगळीकडे सारखी राहावी, एवढ्यासाठी लागणाऱ्या अटी चालतील. बाजार वाटून घेणाऱ्या आणि भाव बांधणाऱ्या अटी संशयास्पद. सुचवलेला भाव चालेल, लादलेला नाही.

म्हणजे फरसाणवाले, बेसन तुमच्याकडून घ्यायला लावा. पण उद्या झाडूसुद्धा तुमच्याकडूनच म्हणालात तर मी मांजलपूरकरांच्या बाकावर जाऊन बसेन. चव आणि झाडू यांचा संबंध कुठलं कोर्ट जोडेल?

जर्सीचा_जोशी

आमच्याकडे अमेरिकेत याच ‘आमच्याकडूनच घ्या’वर दोन निकाल आहेत, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. मी स्वतः इथे एका फ्रँचायझीत सोळा वर्षं काढली आहेत, त्यामुळे पाठ झालेत.

पहिला १९७१ चा, चिकन डिलाइट. ही कंपनी फी घेत नसे, रॉयल्टीही नाही. पण कुकर, फ्रायर, पाकिटं आणि मसाला तिच्याकडूनच आणि बाजारापेक्षा महाग. कोर्ट म्हणालं, नावाला माल बांधलात, बेकायदा. चिकन नीट व्हावं म्हणून कसलं पाकीट हवं ते लिहून द्या, कुणाकडून घ्यायचं ते फ्रँचायझी बघेल.

दुसरा १९९७ चा, डॉमिनोजच्या फ्रँचायझींनी केलेला. तक्रार तीच: पिठाचा गोळा, सॉस वगैरे सगळं कंपनीकडून. इथे फ्रँचायझी हरले. कोर्टाचा मुद्दा असा की पिठाचा गोळा सगळ्या पिझ्झावाल्यांचा सारखाच, ‘डॉमिनोजला चालणारं पीठ’ असा वेगळा बाजार नसतो. आणि सही करताना ही अट तुम्हाला माहीत होती. नको होती तर दुसऱ्या कंपनीकडे जायचं होतंत.

मांजलपूरकर, तुमची गोष्ट मला दुसऱ्या निकालाच्या जवळची वाटते. वाईट वाटून घेऊ नका.

मांजलपूरकर

वाईट तर वाटलंच.

पण भावाचं काय? भाव बांधण्याबद्दल तरी काही असेल ना. एका कारकंपनीला दंड झाल्याचं वाचलं होतं.

हिशोबनीस

मारुती सुझुकी, ऑगस्ट २०२१, २०० कोटी. त्या वेळी आमच्या पुण्यात फार चर्चा होती, कारण प्रकरणाची सुरुवातच एका डीलरच्या निनावी ईमेलने झाली आणि त्यात मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोव्याचा विभाग होता. कंपनीचं ‘डिस्काउंट कंट्रोल’ धोरण होतं. ठरल्यापेक्षा जास्त सूट दिली, फुकट ॲक्सेसरी दिली की दंड. डीलरला वेगळा, आणि सेल्समनपासून शोरूम मॅनेजरपर्यंत माणसांनाही वेगळा. पकडायला गिऱ्हाईक बनून जाणारी माणसं नेमलेली, लपून रेकॉर्डिंग करणारी. तुमच्या बिलाच्या फोटोवाल्याचे थोरले भाऊच.

मांजलपूरकर

हेच! अगदी हेच!! मग माझ्या कंपनीला का नाही?

अर्ध्या_कोर्टात

कारण मारुतीचा कारच्या बाजारातला वाटा केवढा, ते बघा. तिने डीलरांची आपसातली सूट बंद केली की देशभरच्या गिऱ्हाइकाच्या खिशाला लागतं, आणि बाकीच्या कंपन्यांनाही सुस्तावायला मोकळीक मिळते. तरी कंपनी अपिलात गेलीच. त्याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईला याच धर्तीवर ८७ कोटींचा दंड झाला होता. तो २०१८ मध्ये अपिलात रद्द झाला, कारण आयोगाने चौकशी अहवालावर विसंबून स्वतः पुरावा तपासला नाही असं अपिलीय न्यायाधिकरणाला दिसलं. एवढ्या मोठ्या प्रकरणात ही गत, तर ५,००० रुपयांच्या डेबिट नोटचं काय होईल ते सांगा.

अजून एक बारीक पण रंजक गोष्ट. कायद्यातली व्याख्या म्हणते की पुनर्विक्रीचा भाव विकणाऱ्याने ठरवून देणं म्हणजे भाव बांधणं, ‘त्याहून कमी भावाने विकता येईल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर’. ती एक ओळ करारात असली की कंपनीचा जीव भांड्यात पडतो. तुमच्या करारात आहे का बघा. नसेल तर पत्र लिहिताना हा तुमचा सर्वांत टोकदार मुद्दा.

पण समोरचा वकील विचारेल, पुनर्विक्री कशाची? कंपनीने दिलेली पाण्याची बाटली तुम्ही तशीच विकता, ती पुनर्विक्री. सँडविच तर तुम्ही तुमच्या ओट्यावर बनवलंत. ब्रेड विकत घेतला आणि सँडविच विकलं, यात ‘पुन्हा’ काय विकलं? मी तुमच्या बाजूने असेन तर म्हणेन की नावही कंपनीचं, कृतीही कंपनीची, ही सेवेचीच पुनर्विक्री. त्यांच्या बाजूने असेन तर हसेन.

चिंटू_फतेगंज

म्हणजे वकीलबाई दोन्हीकडून फी घेणार.

अर्ध्या_कोर्टात

फी एकाच बाजूची, डोकेदुखी दोन्हीकडची.

कारेलीबागची_कावेरी

मॅकडोनाल्ड्स आणि उत्तर भारतातल्या त्यांच्या भागीदाराचं भांडण स्पर्धा आयोगातच होतं ना? दिल्लीला माझी बहीण राहते, २०१७ साली तिच्याकडची दुकानं बंद पडली होती.

हिशोबनीस

नाही. ते विक्रम बक्षी प्रकरण. कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स ही त्यांची निम्मी-निम्मी भागीदारीची कंपनी. २०१३ मध्ये बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदावरून काढलं, मग कंपनी कायदा न्यायाधिकरण, लंडनची लवादी वगैरे. २०१९ मध्ये मिटलं. स्पर्धा कायद्याचा मुद्दा नव्हता, भागीदारांचा होता. बहुतेक फ्रँचायझी-भांडणं अशीच असतात. नाव बाजाराचं, आतला मजकूर करारभंगाचा.

मांजलपूरकर

बरं. मग आम्ही दुसरा रस्ता धरलाय. गुजरातमधल्या आमच्या कंपनीच्या अकरा फ्रँचायझींचा कालच व्हॉट्सॲप ग्रुप केला. एकजुटीने वागायचं ठरलंय: १ तारखेपासून सगळ्यांनी मेनूवर दहा रुपये वाढवायचे, ‘एकावर एक’ कोणी द्यायची नाही, आणि वडोदरा-आणंद-भरूच असे इलाके आपसात वाटून घ्यायचे, एकमेकांच्या भागात डिलिव्हरी करायची नाही. कंपनीला झक मारत ऐकावं लागेल. कसं वाटतं?

अर्ध्या_कोर्टात

मांजलपूरकर, थांबा. हात जोडते, थांबा.

अडीच दिवस मी तुम्हाला सांगतेय की कंपनीविरुद्ध तुमची केस अवघड आहे. आणि तुम्ही एका रात्रीत स्वतःविरुद्धची सोपी केस तयार केलीत.

तुम्ही अकरा जण एका पाटीखाली असाल, पण प्रत्येकाची फर्म वेगळी, जीएसटी वेगळा, नफा-तोटा वेगळा. कायद्याच्या डोळ्यांना तुम्ही एकाच पायरीवरचे अकरा धंदेवाले आहात. एकाच पायरीवरच्या लोकांनी भाव ठरवणं, इलाके वाटणं, हे कलम ३(३). आणि इथे गंमत अशी की प्रतिकूल परिणाम तक्रारदाराने सिद्ध करायचा नसतो, तो गृहीतच धरतात. झाला नाही हे तुम्ही दाखवायचं. कार्टेल, म्हणजे धंदेवाल्यांची अशी आपसातली मिलीभगत, ठरलं तर त्या काळातल्या दर वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंत दंड. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीनंतर, त्या धंद्यात नसलेल्या पण असा बेत जमवून देणाऱ्यालाही त्यातला धरता येतं. म्हणजे तुमचा सल्लागार मित्रही.

‘छोट्यांना कोण विचारतं’ म्हणू नका. आपल्या बडोद्याचंच उदाहरण आहे. औषधविक्रेत्यांच्या इथल्या संघटनेविरुद्ध एक वितरक आयोगात गेला होता. संघटनेच्या ना-हरकतीशिवाय कंपन्यांनी नवा स्टॉकिस्ट नेमायचा नाही, अशी पद्धत होती. २०१२ मध्ये आयोगाने संघटनेविरुद्ध निकाल दिला. संघटनेत बसलेल्यांपैकी कुणालाही आपण ‘स्पर्धा बिघडवतोय’ असं वाटलं नसणार. सगळ्यांना वाटत होतं, आपण एकजूट दाखवतोय.

मांजलपूरकर

ग्रुप डिलीट करतो लगेच.

अर्ध्या_कोर्टात

डिलीट नको! ते अजून वाईट दिसतं. ग्रुपवर सरळ लिहा की भाव आणि इलाका यांवर इथे बोलायचं नाही, मी त्यात नाही, ज्याचा त्याने आपला निर्णय घ्यावा. आणि तसंच वागा.

कंपनीला मिळून पत्र लिहिणं वेगळं. मालाचे दर, तपासणीची पद्धत, खर्चाची वाटणी, करारातली संदिग्ध वाक्यं, यांवर अकरा सह्यांचं पत्र द्या, बिनधास्त. गिऱ्हाइकाकडून किती घ्यायचे, हे मात्र अकरा जणांनी बसून ठरवायचं नाही.

दांडियाबाजारचे_आबा

आमच्या गणेश मंडळाच्या मागे प्रसादाचे पेढे देणारे चार हलवाई दरवर्षी एकच भाव सांगतात. मी समजत होतो, गणपतीची कृपा.

फरसाणवाला

आबा, हलवायांची नावं सांगू नका, त्यातला एक माझा साडू आहे.

मांजलपूरकर

ग्रुपवर तसं लिहिलं. दोघे चिडून बाहेर पडले, भरूचवाला म्हणाला ‘घबराई गयो’. असू दे.

आता शेवटचा आणि माझ्यासाठी मोठा प्रश्न: सोडल्यावर तीन वर्षं, दहा किलोमीटर. कारण खरं सांगायचं तर मला आता पाटी उतरवून स्वतःचं दुकान करायचंय.

अर्ध्या_कोर्टात

हा प्रश्न तुम्ही पहिला विचारायला हवा होता. इथे स्पर्धा कायद्यापेक्षा जुना म्हातारा कामाचा आहे: भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७. कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य. धंदा विकताना नावलौकिक विकला तर त्याला अपवाद आहे, पण तुम्ही काही विकत नाही आहात.

करार चालू असतानाची बंदी आणि करार संपल्यावरची बंदी, यांत कोर्टं फरक करतात. चालू असतानाची बहुधा टिकते. याचा गाजलेला निकाल गुजरातचाच आहे, गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला, सर्वोच्च न्यायालय, १९९५. अहमदाबाद आणि राजकोटला थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट भरणारी ही कंपनी. थम्स अप कोकने घेतलं आणि बाटल्या भरणाऱ्या या कंपनीचे शेअर पेप्सीच्या बाजूला गेले. मग प्रश्न आला, कोकशी करार चालू असताना तिला दुसऱ्याचं पेय भरता येईल का? कोर्ट म्हणालं, नाही. फ्रँचायझीचा करार धंदा वाढवण्यासाठी असतो, तो चालू आहे तोवर ‘आमचंच विका’ ही अट धंद्याला आडकाठी नाही.

करार संपल्यावरचं मात्र वेगळं. २००६ चा झहीर खानचा निकाल बघा. आपला श्रीरामपूरचा झहीर. एका मार्केटिंग कंपनीशी त्याचा करार संपला होता, पण करारात अट होती की नंतरही दुसऱ्याशी करार करण्याआधी तो प्रस्ताव आधी त्यांच्यापुढे ठेवायचा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कराराची मुदत संपल्यावर लागू होणारी अशी अडवणूक कलम २७ खाली शून्य.

तेव्हा मुदत संपेपर्यंत त्याच गाळ्यात दुसरं काही सुरू करू नका. संपल्यावर सँडविच विकायला तुम्हाला अडवणं त्यांना जड जाईल. त्यांचं नाव, रंग, पाटी, गुपित कृती वापरता येणार नाही, ते आलंच. तुमचे सासरे करारात सहीला नाहीत ना? मग त्यांच्या गाडीला तो करार बांधतच नाही. त्यांना सांगा, उसळ उकळू द्या.

आणि अनामत जप्त करू म्हणाले, तर त्याच करार कायद्याचं कलम ७४ वाचा. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही, त्या आकड्याच्या मर्यादेत ‘वाजवी भरपाई’ मिळते.

जर्सीचा_जोशी

तुमचं ते कलम २७ आम्हाला पाठवा. इथे सोडल्यावरची बंदी बऱ्याच राज्यांत ‘वाजवी’ असली की टिकते. दोन वर्षं, पाच मैल वगैरे.

हिशोबनीस

एक व्यवहाराचं. लवाद कुठे आहे तुमच्या करारात?

मांजलपूरकर

त्यांच्या शहरात. लवाद नेमणारेही तेच.

हिशोबनीस

त्यांनीच एकट्याने लवाद नेमायचा, याला सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांनंतर आव्हान देता येतं. वकिलांना दाखवा. आणि त्या सॉसच्या दोन्ही लेबलांचे फोटो, हाथीखान्याचं बिल, ५,००० ची डेबिट नोट, सगळं एका फाइलीत. आयोगात माहिती द्यायला तुम्ही निघालातच, तर आता तीन वर्षांची मुदत आहे, तीही २०२३ च्या दुरुस्तीतली.

मांजलपूरकर

(सात आठवड्यांनंतर)

धागा वर काढतोय, काही जणांनी विचारलं म्हणून.

नऊ सह्यांचं पत्र गेलं. भावाबद्दल त्यात एक शब्द नाही, मालाबद्दल चार पानं. सॉसच्या पाकिटाचा फोटो पहिल्याच पानावर लावला, स्टिकर अर्धं सोललेलं. वकिलाने कलम ३(४) चा उल्लेख एका परिच्छेदात केला, उगाच आवाज केला नाही.

तीन आठवडे शांतता. मग त्यांचा माणूस बडोद्याला आला. अलकापुरीत एका हॉटेलात चहा पाजला. तो म्हणाला, सॉस आणि चीज आमच्याकडूनच, त्यावर बोलू नका. पण ब्रेड, भाजी, टिश्यू, बॉक्स, सफाईचं सामान ठरलेल्या दर्जाचं बाहेरून घ्या. त्याचं पत्र आलंय. सॉस २१० वरून १६५ केला, ‘नव्या पुरवठा व्यवस्थेमुळे’ असं कारण देऊन. नव्या करारात एक ओळ घालताहेत: मेनूतले भाव कमाल आहेत, फ्रँचायझी कमी घेऊ शकेल. अर्ध्या_कोर्टात ताई, तुमचीच ओळ.

पाच हजार परत दिले नाहीत. दीड किलोमीटरवरचं दुकान आहे तिथेच आहे. आणि एकावर एक यंदाच्या नवरात्रात पण आहे, निम्मा भार त्यांचा.

आयोगात गेलो नाही. माझी मुदत संपायला अजून अडीच वर्षं आहेत, तोवर पाटी राहील. सासऱ्यांना गाडीबद्दल काही सांगितलंच नव्हतं. परवा बायकोने सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘कोण ती कंपनी? उसळ करता येते का त्यांना?’

चिंटू_फतेगंज

फडक्याचं काय झालं? ओटा पुसायच्या?

मांजलपूरकर

मंगळबाजारातून डझन आणली. शंभराला.

कारेलीबागची_कावेरी

रावपुऱ्यात गाडी नक्की कुठे लागते? नवरात्रात रात्री किती वाजेपर्यंत असते?